संकलनाच्या टेबलावरून कादंबरीकडे : स्क्रिव्हनरसोबतची चार वर्षे

चित्रपटाच्या कामात माझी सतरा वर्षे गेली. त्यांपैकी पहिली सहा मी संकलन सहायक होते, पुढची बरीच वर्षे सहायक दिग्दर्शक होते आणि अखेरच्या टप्प्यात दोन लघुपट व एक पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट स्वतः केला. त्यानंतरच्या चित्रपटासाठी पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून दुसऱ्यांसाठी पटकथा लिहू लागले. आणि पटकथेत जे मावत नव्हते ते साचत गेल्यावर कादंबरी लिहायला घेतली. पटकथा आणि कादंबरी लिहिण्याच्या या चार वर्षांत माझ्या टेबलावर स्क्रिव्हनर हे एकच लेखन-सॉफ्टवेअर होते. त्याची परीक्षणे इंग्रजीत पुष्कळ आहेत, परंतु ती बहुतेक आधीपासून गद्य लिहिणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. जो माणूस चित्रपटातून येऊन गद्याकडे वळतो आणि तेही मराठीत, त्याला हे साधन कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

स्क्रिव्हनर म्हणजे दस्तऐवजांच्या नकला करून देणारा जुन्या काळचा लेखनिक, आपल्याकडच्या दप्तरातील कारकुनाचा दूरचा भाऊबंद. हे सॉफ्टवेअर तयार करणारे कीथ ब्लाउंट इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिक्षक होते. स्वतःची कादंबरी लिहिण्यासाठी मनासारखे साधन मिळेना म्हणून ते प्रोग्रामिंग शिकले आणि २००७ मध्ये मॅकसाठी पहिली आवृत्ती बाजारात आणली. विंडोजची आवृत्ती २०११ मध्ये आली, आयफोन आणि आयपॅडची २०१६ मध्ये. आज चालते ती तिसरी आवृत्ती मॅकवर २०१७ मध्ये आणि विंडोजवर २०२१ मध्ये पोहोचली. त्यांची लिटरेचर अँड लाटे ही कंपनी लहान आहे आणि कॉर्नवॉलमधून चालते. सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यायचे असते, दरमहा वर्गणी नाही. संगणकासाठीच्या एका परवान्याला साधारण ६० अमेरिकी डॉलर पडतात; विनिमयाचा दर पाहून पाच हजार रुपयांच्या आसपास धरावेत. मॅक आणि विंडोज यांचे परवाने मात्र वेगवेगळे असतात.

मी हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडले तेव्हा डाव्या बाजूची उभी पट्टी पाहून मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. तिला बाइंडर म्हणतात. संपूर्ण लेखन एका लांबलचक फाइलीत न ठेवता त्याचे हवे तेवढे तुकडे करायचे, प्रत्येकाला नाव द्यायचे आणि ते या पट्टीत वरखाली सरकवायचे, अशी ही रचना आहे. संकलकाला हे समजावून सांगावे लागत नाही. फिल्मच्या दिवसांत स्टीनबेकच्या, म्हणजे संकलनाच्या यंत्राच्या, बाजूला कापडी पिशवी लावलेली एक चौकट उभी असे, तिच्यावरच्या खिळ्यांना कापलेल्या पट्ट्या लटकत आणि सहायकाचे निम्मे आयुष्य कोणती पट्टी कोणत्या खिळ्यावर आहे हे लक्षात ठेवण्यात जाई. त्या चौकटीला बिन म्हणत आणि संगणकावरील संकलनातही तेच नाव टिकले. बाइंडर हा शब्दांचा बिनच आहे. सातवा सीन काढून तेविसावा करायचा, मधले दोन गाळून ठेवायचे पण फेकायचे नाहीत, हे काम वर्डमध्ये करताना जो जीव मेटाकुटीला येतो, ते येथे बोटाच्या एका ओढीने होते.

दुसरी गोष्ट स्नॅपशॉटची. एखाद्या तुकड्यात मोठा बदल करण्याआधी त्याची आहे ती अवस्था जपून ठेवता येते, तिला नाव देता येते आणि नंतर आताच्या मजकुराशी ताडून पाहता येते. मी त्यांना टेक म्हणते. 'टेक ३, आई गप्प' अशी नावे माझ्या स्नॅपशॉटना आहेत. दिग्दर्शकाला आधीचा टेक हाताशी असल्याची जी निश्चिंती असते, ती लिहिताना मिळाली की माणूस धाडस करतो. संवाद निर्दयपणे कापायला मी इथे शिकले, कारण कापलेले कुठेही जात नाही हे ठाऊक होते.

तिसरी सोय संशोधनाची आहे. छायाचित्रे, पीडीएफ आणि ध्वनिमुद्रणे प्रकल्पातच ठेवता येतात आणि पडदा दुभागून एका बाजूला मुलाखत वाजवीत दुसऱ्या बाजूला टंकता येते. माझी कादंबरी जत्रांतून तंबूतला सिनेमा दाखवणाऱ्या एका ऑपरेटरची आहे. पुसेगावच्या यात्रेत तंबू लावलेल्या म्हाताऱ्या ऑपरेटरांशी मी तासन्‌तास बोलले होते. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींजवळ आणून प्रोजेक्टरचा उजेड कसा पेटवायचा, कांडी जळत जाईल तसतसे अंतर हाताने कसे सांभाळायचे, हे त्यांच्या तोंडून ऐकत ऐकत लिहिता आले. ध्वनिमुद्रण थांबवणे आणि पुढे चालवणे टंकलेखन न सोडता करता येते, ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण चाळीस तासांच्या मुलाखती ज्याने उतरवल्या आहेत त्यालाच तिची किंमत कळेल.

आता पटकथा. स्क्रिव्हनरमध्ये पटकथेसाठी स्वतंत्र लेखनपद्धत आहे. सीनचे शीर्षक, कृती, पात्राचे नाव, कंसातील सूचना आणि संवाद हे घटक टॅब आणि एन्टर या दोन कळांवर फिरत राहतात आणि पात्रांची नावे यंत्र आपणहून पुरवते. इंग्रजीत लिहिणाऱ्याची एवढ्यावर सोय होते. मराठीत अडचणी सुरू होतात आणि त्यांतल्या बहुतेक या सॉफ्टवेअरच्या नाहीत. हॉलिवूडच्या पटकथेची सगळी मांडणी टंकलेखन यंत्रावरच्या कुरिअर या टंकावर, बारा पॉइंटच्या मापावर आणि मोठ्या लिपीतल्या अक्षरांवर उभी आहे. एक पान म्हणजे पडद्यावरचे अंदाजे एक मिनिट, हा हिशेब त्यातूनच आला. कुरिअरमध्ये देवनागरी नाही. मात्रा आणि उकार यांमुळे आपल्या ओळीला जास्त उंची लागते आणि ओळीत मावणाऱ्या शब्दांचे गणितही वेगळे पडते. म्हणून पानांवरून चित्रपटाची लांबी सांगणे देवनागरीत फसते. माझी पहिली मराठी पटकथा कागदावर अडीच तासांची भरली आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचली तेव्हा दोन तासांच्या आत संपली. निर्मात्यासमोर नॅरेशनला, म्हणजे पटकथा वाचून दाखवायला, बसण्याआधी हे कळले, एवढेच नशीब.

दुसरी अडचण अधिक मजेदार आहे. देवनागरीत लहान आणि मोठी लिपी असा भेद नाही. सीनचे शीर्षक, पात्राचे नाव, पहिल्यांदा येणारी वस्तू यांना मोठ्या अक्षरांत लिहून वेगळे दाखवण्याची सोय आपल्याला मुळातच नाही. मी शीर्षकांना ठळक टंक आणि पात्रांच्या नावांना वेगळा टंक दिला. हे घटक आपल्या मनाप्रमाणे घडवता येतात आणि ती घडण साठवून पुढच्या प्रकल्पात वापरता येते, हे या सॉफ्टवेअरचे मोठेपण मानले पाहिजे. फाउंटन नावाची साध्या मजकुरात पटकथा लिहिण्याची पद्धत आहे. ती २०१२ मध्ये आली आणि स्क्रिव्हनर तीतही निर्यात करते. फाउंटनमध्ये पात्राचे नाव मोठ्या लिपीवरूनच ओळखले जाते, त्यामुळे मराठी नाव यंत्राच्या दृष्टीने कृतीतच मिसळून जाते. त्यावर उपाय पद्धतीतच दिलेला आहे: नावाच्या आधी ईमेलमध्ये असते तसे ॲटचे चिन्ह आणि मराठी सीन शीर्षकाच्या आधी एक टिंब. हे समजायला मला दोन दिवस लागले. आपल्याकडे अजूनही अनेकजण पसंत करतात ती दोन रकान्यांची पटकथा, म्हणजे डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद व ध्वनी, तिच्यासाठी मात्र स्क्रिव्हनरच्या पटकथेच्या लेखनपद्धतीचा उपयोग नाही. कोष्टक काढून ते काम भागवता येते, पण मग टॅब-एन्टरची सगळी मजा जाते.

तयार पटकथा पीडीएफ करून अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवणे किंवा फायनल ड्राफ्ट या पटकथेच्या सॉफ्टवेअरच्या फाइलीत बदलून निर्मितीसंस्थेकडे पाठवणे, दोन्ही सुरळीत होते. तीन लेखक एकाच वेळी एका भागावर काम करीत असतील, वेबमालिकांत हे नेहमीचेच झाले आहे, तर स्क्रिव्हनर बाजूला ठेवावे. एका वेळी एकाच माणसाने लिहावे अशी त्याची घडण आहे. एकदा मीच घरच्या आणि कचेरीच्या अशा दोन संगणकांवर एकच प्रकल्प उघडा ठेवला आणि दोन्हींकडे वेगवेगळे बदल करून सीनच्या दुहेरी प्रती तयार करून ठेवल्या. वापरपुस्तिकेत असे करू नये म्हणून स्पष्ट इशारा आहे. मी तो वाचला नव्हता.

येथपर्यंतचे परीक्षण सरळ आहे: पटकथेसाठी, विशेषतः कथा जुळवण्याच्या टप्प्यावर, हे साधन फार चांगले आहे. कादंबरीत माझे आणि त्याचे बिनसले आणि ते का बिनसले हे सांगण्यासाठीच खरे तर मी लिहायला बसले.

कॉर्कबोर्ड ही स्क्रिव्हनरची सर्वांत देखणी सोय आहे. बाइंडरमधला प्रत्येक तुकडा भिंतीवर टाचलेल्या कार्डासारखा दिसतो आणि त्यावर त्याचा सारांश दोन-तीन ओळींत लिहायचा असतो. आमच्या धंद्यात पटकथेच्या आधी वन-लाइन काढतात, म्हणजे प्रत्येक सीनमध्ये काय घडते ते एकेका ओळीत मांडतात; ही कार्डे म्हणजे वन-लाइनच. मी कादंबरीची चौसष्ट कार्डे केली. रंग दिले, ओळी लावल्या, पूर्वार्ध-उत्तरार्ध पाडले. भिंत इतकी सुंदर दिसत होती की कादंबरी झालीच असे मला वाटू लागले. आठ महिन्यांत प्रत्येक कार्ड भरले आणि सगळे लेखन एका जुन्या संपादक मैत्रिणीला वाचायला दिले. तिने वाचून सांगितले की सगळे दिसते आहे, पण काळ कुठेच जात नाही.

तिचे म्हणणे उलगडायला मला वेळ लागला. पटकथेत क्रियापद एकाच काळात असते. 'म्हातारा पडदा बांधतो. पोरे तंबूच्या फटीतून डोकावतात.' कॅमेऱ्याला आत्ता घडणारे तेवढेच दिसते. मराठी कादंबरीचा मोठा भाग मात्र दुसऱ्याच क्रियापदावर चालतो: 'दर जत्रेला तो यायचा. आल्या आल्या जमीन थोपटून पाहायचा. पाऊस झाला असेल तर बायकोवर चिडायचा.' हा यायचा, पाहायचा, चिडायचा पडद्यावर घेता येत नाही. घ्यायचाच तर त्यातली एकच जत्रा निवडावी लागते, आणि ती निवडली की सवय जाते, घटना उरते. रीतिभूतकाळातले वाक्य कार्डावर लिहून पाहावे. तिथे ते ओशाळवाणे दिसते, कारण कार्ड विचारते की काय घडले, आणि तिथे वेगळे असे काहीच घडलेले नसते. पंधरा वर्षे एका वाक्यात जातात, किंवा एका दुपारच्या आठवणीत बारा पाने जातात, आणि दोन्हींची कार्डे सारख्याच मापाची असतात. कॉर्कबोर्डवर माझ्या कादंबरीतल्या घटना तेवढ्या उरल्या होत्या, सवयी सगळ्या गळून गेल्या होत्या. चौसष्टपैकी एकोणसाठ तुकड्यांचा शेवट एखाद्या नजरेवर, दारावर किंवा आवाजावर होत होता. ते सगळे कट होते.

हा दोष माझा की साधनाचा? माझा अधिक, हे मान्य करते. हातात चित्रपटाची सवय घेऊन आलेल्या माणसाला कोणतेही साधन ती सवय सोडायला लावील अशी अपेक्षा करणे योग्य नाही. एलिया कझान यांच्यासारखा दिग्दर्शक १९६० च्या दशकात कादंबरीकडे वळला, १९६७ मधली त्यांची कादंबरी अमेरिकेत तडाखेबंद खपली आणि दोनच वर्षांत त्यांनी स्वतःच तिचा चित्रपट केला. सवय इतक्या सहज सुटत नाही. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकर यांनी पटकथाही लिहिल्या आणि कादंबऱ्याही, पण ते गद्यातून चित्रपटाकडे गेले होते, आणि ती वाट मला सोपी वाटते. तरीसुद्धा, कादंबरीकारांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साधनाची सर्वांत मोहक सोय सगळ्या लेखनाला दृश्यांच्या मापात मोजत असेल, तर परीक्षकाने ते नोंदवले पाहिजे. गद्यात मुरलेल्या लेखकाला कार्डे निरुपद्रवी असतील. माझ्यासारखीला ती जुन्या व्यसनाची पुडी होती.

सुटकेचा मार्गही याच सॉफ्टवेअरमध्ये सापडला, हेही तितकेच खरे. निवडलेले अनेक तुकडे सलग एका प्रवाहात दाखवणारी स्क्रिव्हनिंग्ज नावाची पद्धत यात आहे. मी कॉर्कबोर्ड बंद केला आणि तीन महिने केवळ या पद्धतीत लिहिले. जिथे दोन तुकड्यांच्या मधली रेघ खुपत होती तिथे ते तुकडे कायमचे जोडून टाकले. जोडण्याची आज्ञा मेनूतल्या एकाच ओळीची आहे. चौसष्टांचे एकोणीस झाले. त्यातला एक तुकडा एकावन्न पानांचा आहे, त्याला सारांश नाही, आणि मैत्रिणीच्या मते कादंबरी तिथेच सुरू होते.

शोध आणि बदल यांविषयी थोडे. शोध देवनागरीत नीट चालतो. नाव बदलण्याच्या बाबतीत मात्र मराठीची सामान्यरूपे कोणत्याच यंत्राला ऐकत नाहीत. मध्येच मी कथेतले 'कराड' बदलून 'सातारा' केले आणि एका आज्ञेत सगळीकडे 'साताराला', 'साताराहून' आणि 'साताराचा' झाले. 'साताऱ्याला' करण्यासाठी प्रत्येक जागी जावे लागले. इंग्रजी परीक्षणांत या आज्ञेची स्तुती वाचून कोणी हुरळून जाऊ नये.

तुकडे जोडून प्रकाशकाला देण्याजोगी प्रत तयार करणे याला कम्पाइल म्हणतात आणि ते या सॉफ्टवेअरमधले सर्वांत किचकट प्रकरण आहे. लेखनाचे रूप आणि छापील प्रतीचे रूप वेगळे ठेवायचे, हे त्यामागचे तत्त्व आहे आणि ते योग्यही आहे. चित्रपटातही रफ कट, म्हणजे कच्चे संकलन, आणि अंतिम प्रत एक नसतात. परंतु विभागांचे प्रकार, त्यांची मांडणी आणि त्या मांडणीचे नमुने हे तीन मजले चढल्याशिवाय फाइल हाती येत नाही. तयार नमुन्यांत रोमन लिपीचे टंक ठरलेले असतात, त्यामुळे पहिल्या प्रतीत माझी देवनागरी भलत्याच टंकात उमटली. कम्पाइलच्या खिडकीत सगळ्या मजकुरासाठी एकच टंक निवडण्याची सोय आहे. मराठी लेखकाने तिथून सुरुवात करावी. पुढे एका प्रकाशकाच्या अक्षरजुळणीत युनिकोड मजकूर युनिकोडच्या आधीच्या जुन्या टंकात बदलताना सगळे 'ऱ्य' फुटले आणि जे 'साताऱ्याला' मी एकेक करून दुरुस्त केले होते ते पुन्हा बिघडले. यात स्क्रिव्हनरचा काही संबंध नाही, पण मराठीत लिहिणाऱ्याने हे गृहीत धरूनच वेळ राखून ठेवावा.

अँड्रॉइडसाठी आवृत्ती नाही, ही माझी व्यवहारातली मोठी तक्रार आहे. एसटीत सुचलेली वाक्ये फोनच्या टिपणवहीत लिहून घरी आल्यावर उतरवावी लागतात. रोजच्या शब्दसंख्येचे लक्ष्य ठेवण्याची सोय आहे, लक्ष्य जवळ येते तशी पट्टी लाल रंगाकडून हिरव्या रंगाकडे जाते. शूटिंगच्या कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या वेळापत्रकावर, वाढलेल्या माणसाला ती आवडेल, मी ती बंद केली. दोन सेकंद हात थांबला की मजकूर आपोआप साठवला जातो आणि प्रकल्प बंद करताना राखीव प्रतही होते. ती प्रत दुसऱ्या डिस्कवर पडेल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी.

घेण्याआधी तीस दिवस ते फुकट वापरता येते आणि ते दिवस वापरले तेवढेच मोजले जातात. आठवड्यातून दोनदा उघडले तर मुदत पंधरा आठवडे पुरते. पटकथा लिहिणाऱ्याला त्यातले चार-पाच दिवस पुरतील. कादंबरीसाठी पाहणाऱ्याने, आणि तो चित्रपटातून आलेला असेल तर नक्कीच, कॉर्कबोर्ड न उघडता एक पूर्ण प्रकरण सलग लिहावे, ते देवनागरीत कम्पाइल करून पाहावे आणि आपल्या प्रकाशकाच्या अक्षरजुळणी करणाऱ्याकडे पाठवावे. तिथून 'ऱ्य' शाबूत परत आला तर पैसे भरावेत.